‘बल्बिल’ची नोंद: एका शब्दाला लागलेला दीड महिना

१ ऑक्टोबर

शब्दसूचीत आज ‘ब’ लागला. बागकाम करणाऱ्यांसाठी आणि शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी झाडापानांचे चारशे शब्द सोप्या मराठीत द्यायचे, प्रत्येकाला दोन-तीन ओळींचा अर्थ, जमलं तर चित्र. यादी इंग्रजी वर्णक्रमानं आहे, म्हणून आधी बल्ब आणि त्याला लागूनच बल्बिल.

बल्ब दहा मिनिटांत संपला. कंद. चकतीएवढं आखूड खोड, त्यावर एकावर एक बसलेली मांसल पानं, मधोमध कळी. कांदा उभा चिरला की सगळं दिसतं. आणि ‘कांदा’ हा शब्दच ‘कंद’वरून आलेला, त्यामुळे उदाहरण शोधायलाही जावं लागत नाही.

बल्बिलच्या रकान्यात आधी कुणीतरी ‘छोटा कंद’ असं भरून ठेवलंय. रात्री जेवताना घरी विचारलं, बल्बिल म्हणजे काय वाटतं? मुलगी म्हणाली, ‘झिरोचा बल्ब.’ तिचं फार चुकलं नाही. ग्रीक ‘बोल्बोस’ म्हणजे कांद्यासारखा गड्डा, लॅटिनमध्ये त्याचा ‘बुल्बुस’ झाला, आणि काचेचा दिवाही आकारानं तसाच म्हणून तोही बल्ब. लॅटिनमध्ये शब्दाला शेपूट जोडून लहानपण दाखवतात. त्या हिशेबानं बल्बिल म्हणजे कांदुला. ‘कांदुला’ लिहून बघितलं, हसू आलं, खोडलं.

४ ऑक्टोबर

आधीच्या लोकांनी काय केलंय ते बघितलं. मराठी विश्वकोशाच्या वनस्पतींवरच्या नोंदींत ‘कंदिका’ भेटतो. हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘पत्रप्रकलिका’ आहे, जो मला दोनदा वाचूनही एका दमात म्हणता आला नाही. ‘लघुकंद’ही कुठेकुठे दिसतो, तो अर्थाला बरोबर, पण ऐकायला लघुउद्योगासारखा.

कंदिका बरा आहे. नाटकाची नाटिका, पुस्तकाची पुस्तिका, तशी कंदाची कंदिका. मराठी कानाला ही ‘-इका’ ओळखीची आहे, सांगावं लागत नाही. सरांना फोन केला (निवृत्त आहेत, वनस्पतिशास्त्र शिकवायचे, सूचीचं शास्त्रीय बाजूचं सगळं तेच तपासतात). ते म्हणाले, ‘कंदिका घाला आणि पुढे चला, अजून तीनशे ऐंशी राहिलेत.’

घातला. पुढची ओळ बघितली तर ‘बल्बलेट’. आणि समासात पेन्सिलीनं ‘बल्बेल?’ असंही.

इंग्रजी पुस्तकांतच एकमत नाही. काही जण तिन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतात. बागवाले मात्र फरक करतात: जमिनीखाली, मूळ कंदाच्या बुडाशी जे धरतात ते बल्बलेट, जमिनीच्या वर, पानाच्या बगलेत किंवा फुलोऱ्यात धरतात ते बल्बिल. हा फरक कामाचा आहे. एकासाठी खणावं लागतं, दुसरा आपोआप पडतो. म्हणजे आपल्यालाही दोन शब्द हवेत.

९ ऑक्टोबर

खालच्या प्रकाराचं उदाहरण माझ्याच कुंडीत निघालं. नर्सरीतून आणलेल्या रोपाबरोबर गुलाबी फुलांची आंबुटी आली होती, पाऊसभर वाढू दिली. आज उपटली. वर तीन पानांचे दहा-बारा देठ, आणि खाली मुळाशी तपकिरी, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे असे कंदच कंद. पंचवीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं, कारण हात लावला की गळतात. ही आंबुटी कुंडीतून का जात नाही ते आज कळलं. आपण उपटतो म्हणजे खरं तर पेरतो. नखानं एक सोलला: वर कागदासारखा पापुद्रा, आत जाड पांढरी पानं, चक्क इवलासा कांदा. इथे ‘छोटा कंद’ म्हणायला कुणाची हरकत नसावी.

नर्सरीवाल्याला विचारलं, यांना तुम्ही काय म्हणता? तो म्हणाला, ‘पिल्लं. लिलीच्या कांद्याला पिल्लं येतात, ती वेगळी करून लावायची.’ बस. बल्बलेटला ‘पिल्लू’. सर मान्य करणार नाहीत, पण केळीच्या मुनव्याला कोशातला ‘अधश्चर’ म्हणणारा शेतकरी मी अजून बघितलेला नाही.

मग वाटलं, या बाबतीत मराठी काही गरीब नाही. लसणाची कुडी (कुणी पाकळी म्हणतं) म्हणजे शास्त्राच्या दृष्टीनं हाच प्रकार: गड्ड्याच्या आतल्या पानांच्या बगलेतल्या कळ्या फुगून एकेक कुडी होते. अळूच्या गड्ड्याला धरतात त्या अळकुड्या. हळदीला जेठा गड्डा, बगल गड्डा, मग हळकुंड. बाजार समितीत बारीक कांद्याला गोल्टी, त्याहून बारीक ती चिंगळी, पण ती प्रतवारी आहे, पिल्लू नव्हे.

सावध राहायची जागा इथेच आहे. अळू हा कंद नाही, दृढकंद. चिरला तर आत सगळा भरीव गर, पापुद्रे नाहीत. ग्लॅडिओलस, केशर हेही तसेच. हळद-आलं म्हणजे मूलक्षोड (मातीत आडवं वाढणारं खोड), बटाटा म्हणजे ग्रंथिक्षोड (खोडाचं फुगलेलं टोक). रोजच्या बोलण्यात आपण या सगळ्यांना कंदच म्हणतो आणि कंदमुळांच्या टोपलीत रताळंही टाकतो, जे नुसतं फुगलेलं मूळ. शास्त्रातला कंद अरुंद आणि बाजारातला रुंद. कंदिका कुठल्या कंदाची, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला.

१६ ऑक्टोबर

फोंडा घाट चढून कोल्हापूरकडे गेले होते. रस्त्याकडेच्या बांधावर घायपातीचा दांडा दिसला, विजेच्या खांबाएवढा. इकडे तिला केकताड म्हणतात. गाडी थांबवली. दांड्याच्या फांद्यांवर फुलांच्या जागी हिरव्या छोट्या रोपांचे झुबके, शेकड्यांनी. दांड्याला नुसता धक्का दिला तर पावसासारखी खाली आली; एक ओढणीत पडलं. हीच बल्बिल. वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, बल्बिल म्हटलं की ‘अगेव्ह’ म्हणेल. त्यांच्या पुस्तकात बटाट्याचा डोळा, आल्याचं मूलक्षोड आणि पानफुटीच्या पानाशेजारी तिचं चित्र असतं. त्याच मुलाच्या शेताच्या बांधावर केकताड असतं आणि दोन्ही एकच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

घरी आणून सोलायला गेले. सोलण्यासारखं काही नाही. बोटाएवढं रोप, टोकदार चार-पाच पानं, बुडाला किंचित फुगवटा आणि मुळांचे ठिपके. हा कंद कुठे आहे? ही झाडावरच उगवलेली बाळझाडं आहेत. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते, मरण्याआधी हे करून जाते.

म्हणजे ‘छोटा कंद’ इथे खोटा ठरला. कंदिकाही मग थोडा खोटाच.

२४ ऑक्टोबर

रुखाळू. परसातल्या आंब्याच्या बेचक्यात दर पावसात येतो, त्याच्या पानांच्या वड्या आई करायची. रूख म्हणजे झाड, झाडावरचा अळू तो रुखाळू. नाव ठेवणाऱ्याला नमस्कार. शास्त्रीय नाव रेमुसॅशिया विविपारा. विविपारा म्हणजे अंडी न घालता पिल्लं देणारी. नर्सरीवाल्याचा शब्द लॅटिनमध्येही आहे तर.

आता पानं पिवळी पडून लोंबताहेत, पण खोडाच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या लालसर काड्या अजून ताठ आहेत, आणि त्यांवर मोहरीएवढ्या गाठींचे गुच्छ. एक काडी तोडून खिडकीत भिंगाखाली धरली. प्रत्येक गाठीवर खवले, आणि खवल्याचं टोक मागे वळून आकड्यासारखं झालेलं. एक नाही, सगळीच. काडी टेबलावर ठेवली आणि उचलायला गेले तर तीन गाठी स्वेटरच्या बाहीला लटकल्या. झटकल्या, पडल्या नाहीत. चिमटीनं काढाव्या लागल्या. जमिनीपासून दहा फुटांवरच्या बेचक्यात अळू कसा चढला, याचं उत्तर माझ्या बाहीवर होतं. माझी बाही नसती तर कुठल्यातरी पक्ष्याची पिसं किंवा माकडाचे केस असते.

हे चित्र सूचीत हवंच. चित्रकाराला फोटो पाठवला. त्याचा उलट प्रश्न: ‘हे गोखरू आहे का?’

२७ ऑक्टोबर

दिवाळीमुळे काम थांबतंय. एवढंच टिपते: ‘हवाई कंद’ असा एक पर्याय एका वाचकाकडून आलाय. हवाई म्हटलं की मला चप्पल आठवते. पाठ्यपुस्तकी ‘वायवी’ त्याहून कोरडा. नको.

७ नोव्हेंबर

आठवडी बाजारात कारांदे आले. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला येतातच. मावशी रताळी, कणगरं आणि कारांद्यांचे वाटे लावून बसल्या होत्या. मी एक उचलून उलटासुलटा करून बघायला लागले, तर त्या म्हणाल्या, ‘घे गो बाय, गोडे आसत. कडू व्हये तर रानात जा.’

विचारलं, हे वेलावरचे की मातीतले?

‘वयले. सकयलो आमी घरात खातंव.’

वयलो आणि सकयलो. वरचा आणि खालचा. दोन्हींना नाव कारांदाच, फरक फक्त जागेचा. चार ऑक्टोबरला मी इंग्रजी बागवाल्यांचा जो भेद कौतुकानं टिपला होता, तो मावशींनी दोन शब्दांत सांगितला. दोन वाटे घेतले, घासाघीस केली नाही.

८ नोव्हेंबर

सकाळी ओट्यावर पाटी ठेवून त्यावर एक कांदा आणि एक कारांदा शेजारी शेजारी कापले.

कांद्याचं सांगायला नको. कारांदा बाहेरून तपकिरी, बटाट्यासारखा पण कोनेदार, अंगभर बारीक पुळ्या. एका बाजूला वाटाण्याएवढा गोल वण, तिथे तो वेलाला चिकटलेला होता. सुरी घातली तर कच्च्या सुरणासारखा दाट विरोध, आणि मग एकदम पिवळसर गर. पापुद्रा नाही, पान नाही, मध्ये कळी नाही. कापल्या जागेवर बुळबुळीत पाणी सुटलं आणि चहा होईपर्यंत कडा तांबूस पडल्या. डोळे शोधले: पुळ्यांच्या मध्ये दोन-तीन जागी पापणी मिटल्यासारखी खाच आहे.

म्हणजे हा बटाट्याच्या घरातला, कांद्याच्या नाही. ग्रंथिक्षोड, फक्त मातीऐवजी पानाच्या बगलेत लागलेलं. आणि याच वेलीचं नाव आहे डायोस्कोरिया बल्बिफेरा, ‘कंद धारण करणारी’. नाव १७५३ सालचं, ठेवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस. सगळं जग या कारांद्याला बल्बिल म्हणतं, आणि त्यात बल्ब औषधालाही नाही!

अर्धे कारांदे मिठाच्या पाण्यात उकडून खाल्ले. किंचित कडसर, पण चांगले. रानातला कडू असतो तो असा खायचा नसतो. त्याच्या चकत्या राखेबरोबर उकडून वाहत्या पाण्यात ठेवून कडूपणा घालवतात, कारण त्यातली द्रव्यं यकृताला बाधतात. सूचीत ही ओळ जाड ठशात घालायला सांगितली आहे. शब्दार्थाच्या पुस्तकात पाककृती कशाला, असा आक्षेप येईल. येऊ दे. कुणी नाव वाचून वेल ओळखली आणि घरी नेऊन उकडली, तर?

११ नोव्हेंबर

सरांशी तासभर फोन. मी म्हटलं, कंदिका काढू या. आंबुटी सोडली तर एकही उदाहरण कंदाचं निघत नाही. घायपातीचं बाळझाड, रुखाळूच्या खवलेदार गाठी, कारांदा म्हणजे ग्रंथिक्षोड. आणि वाचताना आणखी एक सापडलं: नायटेलॉप्सिस नावाच्या गोड्या पाण्यातल्या शैवलाला खाली चिखलात पांढऱ्या चांदण्यांसारख्या गाठी येतात, त्यांनाही बल्बिलच म्हणतात. ज्याला खोड नाही, पान नाही, त्याला कंद कुठून येणार?

सर ऐकत होते. मग म्हणाले, ‘लिनियस बल्ब कशाला म्हणत होता, ते बघितलंत का?’

नव्हतं बघितलं. त्यांनी सांगितलं ते असं. १७५१ च्या ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’त लिनियसनं झाडाच्या भागांची वाटणी करताना एक भाग ठेवला, हिबरनाकुलम. म्हणजे हिवाळी निवारा: कोवळ्या झाडाला बाहेरच्या त्रासापासून जपणारी कोठडी. त्याचे प्रकार दोन. एक बुल्बुस, दुसरा गेम्मा, म्हणजे कळी. कंद आणि कळी ही त्याच्या लेखी सख्खी भावंडं. पापुद्रे किती आणि गर कसा, यापेक्षा ‘वाईट दिवस आत दडून काढणारं पुढचं झाड’ हे त्याला महत्त्वाचं होतं. तसं बघितलं तर कारांद्याला बल्ब म्हणणं इतकं वेडगळ नाही.

फोन ठेवल्यावर बराच वेळ हेच डोक्यात. तो स्वीडनचा, त्याला हिवाळा वैरी. आमच्याकडे झाडं दडतात ती उन्हाळ्यापासून. रुखाळू आणि कारांदा चार महिने पावसात जगून घेतात आणि उरलेले आठ महिने गाठीत बसून काढतात. हिवाळी निवाऱ्याऐवजी उन्हाळी म्हटलं की झालं.

आणि हीच गाठ परक्या मुलखात गेली की काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. कारांद्याची वेल १९०५ मध्ये अमेरिकेत फ्लॉरिडाला नेली. तिथे ती क्वचितच फुलते, पण वयल्या कारांद्यांवर इतकी पसरली की झाडंच्या झाडं झाकून टाकते. गेन्सव्हिल शहरात लोक हिवाळ्यात टोळ्या करून पडलेले कारांदे वेचतात. आमच्या मावशींना तिथे न्यायला हवं.

१४ नोव्हेंबर

आज तुळशीचं लग्न. सकाळी मसुदा केला.

पहिला: ‘कंदिका: छोटा कंद.’ खोडला.

दुसरा: ‘कंदिका: वनस्पतीच्या कक्षास्थ मुकुलापासून उद्भवणारा अन्नसंचयी शाकीय प्रजननावयव.’ सगळं बरोबर. शिकवणारी बाई फळ्यावर लिहील आणि मुलं उतरवून घेतील, कुणालाच काही कळणार नाही. खोडला.

तिसरा, जो राहिला: ‘कंदिका (स्त्री.): झाडाच्या वरच्या भागावर, पानाच्या बगलेत किंवा फुलाच्या जागी धरणारी, सुटून पडली की नवं झाड देणारी गाठ किंवा कळी. नाव कंदावरून असलं तरी आतून ती कंदासारखी असेलच असं नाही. उदा. कारांदा (वयलो), रुखाळू, घायपात. जमिनीखाली मूळ कंदाला फुटतात ती पिल्लं. ती वेगळी नोंद बघा.’

‘वयलो’ कंसात ठेवायचं की नाही, यावर मी माझ्याशीच भांडले. ठेवलं. सूची पुण्या-नागपुरातही वाचली जाईल हे मान्य, पण तिथल्या वाचकाला ‘कक्षास्थ मुकुल’ तरी कुठे घरचा आहे?

संध्याकाळी तुळशीपुढे ऊस, चिंचा, आवळे, आणि एक कारांदा.

१६ नोव्हेंबर

सरांचं उत्तर आलं. ‘पिल्लं’ला त्यांनी अपेक्षेप्रमाणे लाल रेघ मारलीय आणि शेजारी ‘कंदक’ लिहिलंय. मी परत पाठवलं: कंदक आणि कंदिका शेजारी छापले तर वाचक एकाला दुसऱ्याचं पुल्लिंग समजेल. दुपारी निरोप आला, ‘ठीक. पिल्लू ठेवा. पण कंसात कंदक.’ तडजोड मान्य. लसणाची कुडी आणि आंबुटी तिकडे गेली. अळकुडीला दृढकंदाच्या नोंदीत जागा दिली, तिथे ती शोभते.

१९ नोव्हेंबर

छपाईची पहिली प्रत आली. चित्र छान झालंय. चित्रकारानं रुखाळूचा आकडा इतका मोठा काढलाय की आता कुणी गोखरू म्हणणार नाही.

नोंदीचं शीर्षक मात्र ‘कंडिका’. संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीला कंदिका माहीत नाही, कंडिका माहीत आहे. सरकारी कागदात कंडिका म्हणजे परिच्छेद, तो शब्द तिच्या पोटात आधीपासून असणार. आत तीन ठिकाणी तसंच. ‘घायपातीच्या फुलोऱ्यावर कंडिका येतात’ हे वाचून दोन मिनिटं कामच सुचेना. चारही दुरुस्त केल्या, तपासणीच्या यादीत शब्द घातला, प्रत परत पाठवली.

संध्याकाळी अनुक्रमणिकेत पाचवी सापडली.